अठ्ठेचाळीसचा फोन

१२ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न वाचता टाकून द्याल, म्हणून पत्ता शेजारच्या नर्सकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर वाचून टाका.

फोन तुम्ही उचलत नाही. मी दर रविवारी करते. वाजत राहतो आणि मग बंद होतो. तुम्ही घरात असता हे मला माहीत आहे, कारण तुमच्या दुकानात फोन केला की तुमचा मदतनीस म्हणतो, "बाई घरीच आहेत." म्हणजे कान शाबूत आहेत आणि फोनही चालू आहे. मागच्या वर्षी जाताना तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "भावाचा कॉम्प्युटर मला दे," आणि मी म्हटलं, "तुम्हाला भाऊ हवा होता की खोका?" बोलून गेले. तुम्हीही काही कमी बोलला नाहीत. त्यावर आज काही लिहायचं नाही.

आज वेगळंच काम आहे. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिच्या नवऱ्याने घरी एक कॉम्प्युटर जोडला होता आणि कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता. तो गेल्यावर तिने मशीन फार जपलं. काम झालं की रोज भिंतीतला प्लग काढून ठेवायची. धूळ जाऊ नये म्हणून कव्हर घातलं. कव्हर मीच शिवून दिलं. आत कापूस, बाहेर निळं कापड, कडेला पायपिंग. चालू असतानाही अंगावर राहील असं मापात बसवलंय. तर गेल्या आठवड्यात मशीन सुरू केलं आणि ते म्हणालं, मला काहीच आठवत नाही, सगळं पहिल्यापासून लावा. तारीखसुद्धा सहा वर्षांपूर्वीची दाखवत होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने आतला रुपयाएवढा सेल बदलला. म्हणाला, "काकू, सेल संपला की सेटिंग जातं. काळजी नको, मशीन उत्तम चालतंय." चालतंय खरं, पण कंपनीच्या वेगाने.

तिला ते आधी होतं तसं हवंय. तुम्ही आयुष्यभर अँप्लिफायर दुरुस्त केलेत आणि हे असले उद्योग तुम्हा बहीण-भावाचेच. काय करायचं ते दोन ओळीत कळवा. मी तिला सांगेन.

तुमची वहिनी

.

२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड आलं. दोनच ओळी मागितल्या होत्या, तुम्ही तीन पाठवल्यात, आभारी आहे.

"शिंपीणबाई, तुझ्या त्या ओळखीच्या बाईला सांग, यंत्राला थंडी वाजत नाही. दुलई काढ. आणि रोज प्लग काढल्यानेच सेल संपला."

मी ते कार्ड नर्सला वाचून दाखवलं. ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. म्हणाली, "तुमच्या नणंदेने नाडी न बघता निदान केलं."

बरं, मीच ती बाई. तुम्हाला पहिल्या ओळीलाच कळलं असणार.

प्लग काढून ठेवला तर मशीन आपली आठवण त्या चिमुकल्या सेलवर धरून बसतं, हे मला कुठे माहीत? घर सोडताना हे मला नेहमी ओरडायचे, "इस्त्रीचा प्लग काढलास का?" तेच मी सगळ्याला लावलं. आणि दुलईचं म्हणाल तर ती काढली आहे. आतल्या कापसाला पंख्याच्या जागी गोल काळा डाग पडला होता. मी बसून होते त्याच्याकडे बघत. इतकं मन लावून शिवलं आणि त्याचं नाक दाबून ठेवलं.

एक गोष्ट दुकानदारालाही सांगितली नाही. ती सहा वर्षांपूर्वीची तारीख होती ना, ती मी लगेच दुरुस्त केली नाही. दोन दिवस तशीच ठेवली. त्या दिवसांत हे चष्म्याच्या दुकानातून भिंगं घासून घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि मशीनसमोर बसायचे. मी स्वयंपाकघरातून येता-जाता कोपऱ्यातली तारीख बघायची. मग बँकेचं पानच उघडेना, कारण त्यांच्या लेखी मी सहा वर्षं मागे राहणारी बाई झाले होते. तेव्हा दुरुस्त केली.

आता पुढचं सांगा. कसं वाढवायचं?

.

११ मार्च

वन्सं,

या वेळी पाकीट! दोन पानं!

तुम्ही विचारलंत, "तुला वेग कशाला हवा? तू त्यावर जुनी मासिकं वाचतेस. वाचायला किती वेग लागतो?" बरोबर आहे. मला लिहा-वाचायला ह्यांनीच लग्नानंतर शिकवलं, आणि तेव्हापासून मी समोर येईल ते वाचते, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा. ते काम हे मशीन कंपनीच्या वेगातही झोपेत करेल. वेग नकोय वन्सं. ते जसं ठेवून गेले तसं हवंय. एवढंच. मूर्खपणा म्हणा.

तुम्ही म्हटलं नाहीत मूर्खपणा. तुम्ही लिहिलंत, "मग नीट शिक. घाईने केलंस तर उरलंसुरलंही घालवशील." आणि पुढे नियम. ते मी पाठ केलेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण दोन बदलल्या आणि मशीन पडलं तर कुणामुळे पडलं ते कळत नाही, "घरातल्या भांडणासारखं". (हे मला उद्देशून होतं. पोचलं.) आणि ज्याच्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात ते: "वेगाचा आकडा जास्त झाला तर मशीन पडेल आणि पुन्हा उठेल. व्होल्टेज जास्त झालं तर कदाचित उठणार नाही. व्होल्टेजला मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस."

तर पहिली पायरी, सफाई. बाजूचं झाकण उघडलं. आत काय सापडलं माहीत आहे? पंख्याच्या पात्यांवर निळे धागे. माझ्याच दुलईचे. ब्रशने झाडलं, सगळं बाहेर काढलं. मग प्रोसेसरवरचा तो जड थंडावा देणारा ठोकळा काढला, त्याच्याखालची उष्णता ओढून घेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसली. तुम्ही लिहिलं होतं, नवी पेस्ट वाटाण्याएवढी. नर्स म्हणाली, "द्या इकडे, मलम लावणं माझं काम," आणि भाजलेल्या पेशंटला थापावं तशी अर्धी ट्यूब थापली. मी ओरडले, "अहो, वाटाण्याएवढी!" ती म्हणाली, "मग तुमच्या नणंदेने वाटाण्याची जात सांगायला हवी होती." पुसायला जुनी ओढणी खर्ची पडली. दुसऱ्यांदा मी लावली.

कोपऱ्यात नखाएवढा स्पीकर दिसला, दोन तारांवर लटकलेला. तो तुमच्या हातचा जोड आहे ना? टाका ओळखीचा वाटला, नीटस आणि थोडा आखडू. मशीन सुरू झालं की तो एकदा "पीप" करतो. त्याची धूळही पुसली.

.

२ एप्रिल

वन्सं,

शिकले! म्हणजे शिकतेय.

सुरू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं की आतली पानं उघडतात. मला ते तिसऱ्या फेरीला जमलं. तिथे तो कंपनीचा आकडा दिसला, छत्तीस. शंभराला छत्तीसने गुणायचं, तो त्याचा वेग. मशीनला हेच एक गणित येतं, आणि मलाही तेवढंच कळतं, त्यामुळे आमचं जमलं.

तुम्ही सांगितल्यासारखं एकेक पाऊल वाढवतेय. चाळीसला काही झालं नाही, आवाजही नाही. बेचाळीसला पंखा जरा गुरगुरला. प्रत्येक पायरीला तो मशीनला ताण देऊन बघणारा प्रोग्राम लावायचा. मी त्याला "सासू" म्हणते. बसू देत नाही, श्वास घेऊ देत नाही, चूक झाली की लगेच पकडते. नर्स ड्यूटीवरून आली की थेट माझ्याकडे येते आणि दारातून विचारते, "ताप किती?" मी सांगते, "एकाहत्तर." ती म्हणते, "माणूस असता तर कधीच बिल करून सोडला असता."

त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सगळं सकाळी सुरळीत. मला इतका आनंद झाला की खिडकी उघडून समोरच्या न्हाव्याला हात केला. त्याला वाटलं मी बोलावतेय, तो कात्री घेऊन वर आला.

शेहेचाळीसला सकाळी काही नाही, दुपारी निळा पडदा. मशीन पडलं. पुन्हा उठलं, "पीप". खरंच उठतं हो. ती एक गोष्ट मला फार आवडली.

मग पंचेचाळीसवर आणलं, तर तेही दुपारी चारला पडलं. सकाळी नीट आणि दुपारी का पडतं?

.

१५ एप्रिल

वन्सं,

"सकाळी सगळेच शहाणे असतात. खोली तापली की खरं काय ते कळतं. परीक्षा दुपारी घे, खिडकी बंद करून." हे वाक्य मी फ्रेम करणार आहे.

दुपारी घेतली. खिडकी बंद, दार बंद, मी आणि नर्स घामाघूम, मध्ये "सासू" चालू. पंचेचाळीस पुन्हा पडला. चव्वेचाळीस उभा राहिला. दुपारभर उभा राहिला. तुमच्या परवानगीने व्होल्टेज वाढवलं ते अगदी मुंगीच्या पावलाएवढं, आणि पारा ऐंशीच्या खालीच राहिला. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. नर्सने जाहीर केलं, "पेशंट स्थिर."

पण तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. "चव्वेचाळीसवर थांबू नकोस. त्याने अठ्ठेचाळीस केला होता. मला स्वतः फोन करून सांगायचा."

बघते, वन्सं. प्रयत्न करते. इकडे आता उकडायला लागलंय. बाकी ठीक. मदतनिसाचा खोकला कसा आहे?

.

२९ एप्रिल

वन्सं,

मागच्या पत्रात मी विषय बदलला ते तुम्ही ओळखलंत आणि विचारलंत, "काय लपवतेस?" मदतनिसाला खोकला नव्हताच म्हणे.

सांगते. पण आधी खुर्चीत बसा.

अठ्ठेचाळीस होत नाही. सत्तेचाळीसही होत नाही. तुमच्या सगळ्या युक्त्या करून झाल्या. याहून जास्त व्होल्टेज द्यायला तुम्हीच मनाई केलीत आणि मीही देणार नाही. हे मशीन दुपारच्या उकाड्यात चव्वेचाळीसवर उभं राहतं, त्याच्या पुढे नाही.

आणि हे मला नेहमी चव्वेचाळीसच सांगायचे. मी विचारायचे, "फार पळवत नाही ना? जळेल." ते म्हणायचे, "चव्वेचाळीसवर आहे गं, म्हातारा होईपर्यंत चालेल." मला वाटायचं माझी समजूत काढायला कमी सांगतात. आता कळलं, मला खरं सांगायचे.

मग तुम्हाला?

मला एक दृश्य आठवतं, वन्सं. रविवारची सकाळ, थंडीचे दिवस. हे सगळ्या खिडक्या उघडायचे. मी शाल घेऊन कुरकुरत स्वयंपाकघरात. मशीनचं झाकण काढून टेबलफॅन अगदी तोंडाशी लावायचे. हातात फोन, नजर पडद्यावर, आणि पुटपुटायचे, "उचल ताई, उचल, उचल गं..." तुम्ही उचललात की ओरडायचे, "ताई, अठ्ठेचाळीस!" फोन ठेवायच्या आत पडदा निळा. मग माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे आणि टेबलाला धरून हसायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला तेव्हा तो खेळ समजायचा नाही. मी म्हणायचे, "खिडक्या लावा आधी."

खोटं नव्हे हो ते. सांगितलं तेव्हा खरं होतं. तुमच्या फोनच्या लांबीएवढं खरं.

लिहू की नको, असं फार वाटलं. अठ्ठेचाळीस ही तुमच्याकडची त्यांची ठेव, आणि मी त्यातले चार काढून घेतेय. पण तुम्हीच शिकवलंत, खोली तापल्यावर जे टिकतं ते खरं. आपल्या दोघींतही आता काही टिकायचं असेल तर ते न लपवलेलं असू दे. राग आला तर येऊ दे. फक्त पुन्हा वर्षभर गप्प बसू नका.

.

२४ मे

वन्सं,

इतके दिवस पत्र आलं नाही तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःला बरंच काही म्हटलं. नर्स रोज विचारायची, "ताप किती?" आणि ते आता मशीनबद्दल नसायचं.

काल तुमचं पाकीट आलं. मी जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसले. तिथून वर यायला मला बराच वेळ लागला, कारण हसत होते आणि मध्येच रडत होते, आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर दोनदा चौकशी करून गेले.

"अगं खुळे, मला माहीत होतं! चाळीस वर्षं आवाज दुरुस्त केलेत मी. फोनवर त्याच्या मागे पंख्याची घरघर चालू असायची. ती एकदम खाली यायची आणि मग ऐकू यायची माझ्याच स्पीकरची पीप. तो स्पीकर मी त्याच्यासाठीच बसवला होता. पडला की मला कळावं म्हणून. पीप झाली की मी मुद्दाम विचारायचे, 'अजून चालू आहे ना रे?' आणि तो म्हणायचा, 'ठणठणीत!' त्या एका शब्दासाठी मी रविवारभर फोनपाशी बसायचे."

म्हणजे हे तुम्हाला फसवत होते, तुम्ही त्यांना फसवत होता, आणि मी मधल्यामध्ये शाल पांघरून दोघांवर चिडत होते! काय हे कुटुंब.

आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. "मला तो खोका नको होता. मला तो आवाज ऐकायचा होता. फोन उचलत नाही तो तुझ्या रागाने नाही. रविवारी सकाळी वाजतो, आणि उचलला की पलीकडे तो नसणार. फोन वाजत असतो तोवर तो असतो."

वन्सं, मी गेलं वर्षभर दर रविवारी सकाळीच फोन करत होते. मला काय माहीत. मला वाटलं, सुट्टीच्या दिवशी तुम्ही निवांत असाल.

आता माझं ऐका. येत्या रविवारी मी खिडक्या उघडणार आहे. झाकण काढणार, टेबलफॅन लावणार. व्होल्टेज तुम्ही आखून दिलेल्या रेघेच्या आत, त्यामुळे काळजी नको. पडेल, पण उठेल. आकडा लावणार अठ्ठेचाळीस. नर्स पाऱ्यावर लक्ष ठेवायला आहे, तिने रजा टाकली आहे, कारण काय लिहिलं ते विचारू नका.

मग फोन करणार. मशीन फार वेळ वाट बघणार नाही, वन्सं. वाजत राहू देऊ नका. या वेळी वाजत असेल तोवर नाही, उचललात तरच मजा आहे.

.

३ जून

वन्सं,

उचललात! पहिल्या रिंगला! मी अजून "उचला, उचला" पुटपुटतच होते, तुमचं "हॅलो" ऐकून फोनच हातातून सुटला. तो खडखडाट त्याचाच होता. तुमच्या कानांनी ओळखला असेलच.

मी "वन्सं, अठ्ठेचाळीस!" असं किंचाळले ते समोरच्या न्हाव्यापर्यंत गेलं. या वेळी तो कात्री न घेता आला. नर्स मागून ओरडत होती, "ब्याऐंशी! ब्याऐंशी! बस्स करा!" आणि मग घरघर खाली आली, पडदा निळा झाला. आणि पीप.

  मग तुमचा आवाज आला, अगदी हळू, "अजून चालू आहे ना गं?"

मला उत्तर माहीत होतं.  नर्सने पाठीवर थाप मारली तेव्हा बाहेर पडलं.

मशीन पुन्हा चव्वेचाळीसवर आणलंय. प्लग भिंतीतच असतो. दुलई उसवून त्या कापडाच्या दोन उशा केल्या, एक तुमच्या खोलीत ठेवली आहे. हो, तुमची खोली. मागच्या खिडकीची. येताना वाटाणा आणू नका, पेस्ट आणा, इथली नर्सने संपवली.

आणि पत्रं आता कमी लिहीन म्हणते. रविवारी सकाळी आपण बोलूच.

तुमची,
ठणठणीत